चिंचेचा ओंडका आणि श्रावणाचा महिना: घरच्या स्वयंपाकघरासाठी मटण तोडायचा ठोकळा निवडल्याचं एक प्रकरण

या घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं, लाकूड आणि चुका मात्र घडल्या तशाच लिहिल्या आहेत. त्यातल्या काही चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

मी कोल्हापुरात स्वयंपाकघरांचं लाकूडकाम करतो. ज्या घराबद्दल लिहितो आहे ते शहराच्या कडेला आहे. घरात पाच माणसं: सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा (दादा), सून (वहिनी) आणि दोन शाळकरी मुलं. मूळ गाव कागल तालुक्यात, शेती अजून चालू. शहरातलं घर पाडून नवीन बांधलं, तेव्हा ओटा आणि कपाटं माझ्याकडून झाली होती.

रविवारी घरात मटण असतंच. दीड-दोन किलो, तांबडा-पांढरा, आणि मुलांसाठी थोडा खिमा. गावच्या जत्रेला बकरं पडतं, त्यातला वाटा शहरात येतो आणि तो घरीच तोडावा लागतो. जुन्या घरात मागच्या पडवीला चिंचेचा ओंडका होता, आजींच्या सासऱ्यांच्या वेळचा. मधे खोलगट झालेला आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात तिथेच पडलेला. घर पाडताना बांधकामाच्या गड्यांनी तो जळणात घातला. तो ओंडका घराला रोज किती उपयोगी पडत होता हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण तो कोणी विकत आणलेला नव्हता.

रविवारी खाटकाकडे रांग लागते. घाई असली की सत्तुराचे घाव भराभर पडतात आणि नळीच्या, चापेच्या हाडाच्या कपच्या उडून मटणात राहतात. अशीच एक कपची धाकट्या नातवाच्या हिरडीत घुसली. त्यानंतर वहिनींनी ठरवलं की मोठे तुकडे आणायचे आणि घरी निवांत तोडायचे.

अडचण

तोडायचे कुठे? पहिल्यांदा दादांनी ऑनलाइन एक लाकडी पाट मागवला. दीड इंच जाडीचा, पट्ट्या चिकटवून केलेला, वर ‘अकेशिया’ लिहिलेलं. जूनमध्ये तो वाकला, जुलैत चिकटवलेल्या एका रेषेवर उकलला. मला विक्रेत्याला दोष द्यायचा नाही. तो पाट भाजी-ब्रेडसाठी होता, हाडासाठी नव्हता. पण ती चूक दुसऱ्या नुकसानीचं कारण झाली. पाट फुटल्यावर वहिनींनी त्याचाच उरलेला तुकडा ग्रॅनाइटच्या ओट्यावर, सिंकच्या कोपऱ्याशी ठेवला आणि त्यावर नळी फोडली. सिंकसाठी कापलेल्या भागाच्या कोपऱ्यातून ओट्याला केसाएवढी भेग गेली.

ग्रॅनाइट कठीण असतो, पण लवचीक नसतो. ओट्याची फरशी दोन-तीन ठिकाणी कडाप्प्याच्या उभ्या आधारांवर टेकलेली असते आणि मधे पोकळी असते. सिंकसाठी कापलेला कोपरा हा तिचा सगळ्यात नाजूक भाग. त्यावर दर रविवारी सत्तूर आपटला तर कधीतरी ती भेगणारच. ओटा बसवताना मी हे सांगायला हवं होतं. मी काही सांगितलं नव्हतं, कारण इथे कोणी हाडं तोडेल असं मी विचारलंच नव्हतं.

दादांनी मला बोलावलं ते भेग बुजवायला. बोलता बोलता मोबाईल पुढे केला. त्यावर अमेरिकेतल्या एका स्वयंपाकघराचा फोटो होता: मेपल लाकडाचा एक फूट जाड ठोकळा, चार जाड पाय. ‘‘असा करून द्या.’’

आजी खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ओंडका दिसायला कसा बी असू दे. घाव घातला की मुका ऱ्हायला पायजे.’’

मला ते लगेच समजलं नाही. पुढे या कामात मी जे काही तपासलं त्यात हे एक वाक्य सगळ्यात जास्त कामाला आलं.

आधी मोजणी

नवीन वस्तू करण्यापूर्वी मी त्यांना एक वही दिली. तीन आठवडे लिहा: काय कापलं, कोणी कापलं, किती वेळ, कशावर. वहिनींनी नेमाने लिहिलं. वहीतून जे दिसलं ते आम्हा सगळ्यांच्या कल्पनेपेक्षा वेगळं होतं.

भाजी-कांदा-कोथिंबीर रोज, आणि तीही निम्मी विळीवर. मासे आठवड्यातून एकदा, तेही साफ करून आणलेले. कोंबडी एकदा. हाडावर घाव घालण्याचं काम आठवड्याला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, फक्त रविवारी. ज्याच्यासाठी एवढा जाड ठोकळा हवा होता ते काम सात दिवसांतून एकदाच, आणि बाकीचे सहा दिवस तो रिकामा.

वही बघताना आजी म्हणाल्या, ‘‘सरावनात काय लिवनार? महिनाभर कायच न्हाई.’’

तेव्हा मी हसून पुढे गेलो. थांबायला हवं होतं. या घरात श्रावणभर मांसाहार नाही, गणपतीच्या दिवसांत नाही, नवरात्रात नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या बहुतेक घरांत असंच असतं. आषाढात मटणाचा जोर, आणि लगेच पुढचा महिना कोरडा. हाच महिना हवेत सगळ्यात जास्त ओल असण्याचा. फोटोतला ठोकळा ज्या स्वयंपाकघरासाठी घडवला आहे तिथे तो रोज वापरला जातो, रोज खरवडला जातो, आणि खोलीची हवाही यंत्राने कोरडी केलेली असते. आमच्याकडे तोच ठोकळा वर्षातले दोन-तीन महिने ओलसर हवेत, अंधाऱ्या कोपऱ्यात, हात न लागता बसणार होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सोपा होता: तोडायचंच नाही. खाटकाला सांगून, रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळी गर्दी नसताना जाऊन नीट तोडून आणायचं. मी हा पर्याय मनापासून सुचवला. अनेक घरांना तोच योग्य आहे. पण जत्रेचा वाटा आणि हातावरचा खिमा या दोन गोष्टींना त्यात उत्तर नव्हतं. दोन सुऱ्यांनी हाताने कापलेला खिमा आणि यंत्रातला खिमा यांतला फरक या घरात कोणी सोडायला तयार नव्हतं.

दुसरा पर्याय पांढऱ्या जाड प्लास्टिकचा ठोकळा, हल्ली बऱ्याच मटण-दुकानांत दिसतो तो. स्वस्त, हलका, उकळत्या पाण्याने धुता येतो. एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) मांसदुकानांसाठीचे नियम खाण्याला चालेल अशा कृत्रिम पदार्थाचा ठोकळा सांगतात. लाकूड वापरायचंच तर ते कठीण, भरीव आणि टॅनिन (लाकडातला तुरट अंश) नसलेलं असावं, असंही त्यांत आहे. घराला तो नियम लागू नाही, पण त्यातलं टॅनिनचं कलम मला पुढे उपयोगी पडलं. आम्ही दोन इंचांचा एक नमुना आणून ओट्यापासून दूर, टेबलावर ठेवून नळी तोडून बघितली. सत्तूर उसळला आणि ठोकळा सरकला. आवाज टणकन आला. आजींनी फक्त माझ्याकडे बघितलं. ‘मुका’ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. घावाचा जोर ठोकळ्याने गिळला पाहिजे, हाताला परत देता कामा नये. उसळलेला सत्तूर दुसऱ्या खेपेला बोटावर येतो.

प्लास्टिकबद्दल दादांचा मुद्दा वेगळा होता: लाकडात जंतू राहतात, प्लास्टिक स्वच्छ. याबाबत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले संशोधक डीन क्लिव्हर यांच्या गटाने १९९०च्या दशकात केलेलं काम प्रसिद्ध आहे. लाकडावर सोडलेले जंतू आत ओढले जातात, वर परत येत नाहीत आणि हळूहळू मरतात. सुरीने चरे पडलेल्या जुन्या प्लास्टिकमध्ये मात्र ते चऱ्यांत टिकून राहतात, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा नाही. घासून, पुसून, वाळवून ठेवलेलं लाकूड चालतं, एवढाच त्याचा अर्थ. सगळा भार ‘वाळवून’ या शब्दावर आहे.

तिसरा पर्याय बाभळीचा. शेताच्या बांधावर एक जुनी बाभूळ वठून पडली होती, लाकूड फुकट होतं. गाडीच्या चाकाला, अवजारांच्या दांड्यांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं, घाव सोसणारं लाकूड. पण बाभळीत टॅनिन भरपूर. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच कमावतात. असं लाकूड ओलं असताना लोखंडी सत्तुराला लागलं की काळं पडतं आणि तो काळपटपणा मांसालाही लागतो. मी एक चकती कापून त्यावर ओला सत्तूर रात्रभर ठेवला. सकाळी शाईसारखा डाग होता. वहिनींनी तो बघितला आणि बाभूळ वरच्या ठोकळ्यासाठी बाद झाली. लाकूड मात्र टाकलं नाही. ते पायांना वापरलं.

सागाचा विचार थोडाच झाला. साग पाण्याला टिकतो, पण त्यात सिलिका (वाळूसारखे कठीण कण) असते, सुरीची धार लवकर जाते. शिवाय हाडाच्या घावाला तो मऊ पडतो. आंबा आणि रबरवूड यांना ओल लागली की बुरशी आणि कीड दोन्ही लवकर धरतात. त्यांच्यावर वेळ घालवला नाही.

उरली चिंच. आपल्याकडचे खाटीक पिढ्यान्‌पिढ्या चिंच का वापरतात ते लाकूड कापून बघितलं की कळतं. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे घावाने ते उभं फुटत नाही. वजन एवढं की चिंचेचं बरंचसं लाकूड पाण्यात जेमतेम तरंगतं. सुताराला ते आवडत नाही, रंध्याला नीट येत नाही. पण ठोकळ्याला नेमकं तेच हवं असतं.

शेतातल्या चिंचेची फांदी तोडू, असं दादा म्हणाले. ते मी होऊ दिलं नाही. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, आणि ज्या झाडांना परवानगी लागते त्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ यांच्यासोबत चिंचही आहे. एका ठोकळ्यासाठी उभं झाड तोडणं मला तसंही पटलं नसतं. वखारीत कायद्याने आलेला, पडलेला माल मिळतो.

पहिला निर्णय आणि पहिली चूक

वखारीत चिंचेचं एक सुंदर खोड होतं. सोळा इंच व्यास, मधे जांभळट-तपकिरी गाभा, भोवती पिवळसर लाकूड. दादांना ते पाहताक्षणी आवडलं. मलाही आवडलं, आणि खरं सांगायचं तर तिथेच माझा निर्णय बिघडला. त्याची नऊ इंच जाडीची चकती कापून घेतली, कापलेलं तोंड वर ठेवायचं ठरवलं.

तोंड वर ठेवण्यामागे कारण आहे. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी समजा. फळी आडवी असली की सुरी त्या नळ्या कापते आणि चरे पडतात. तोंड वर असलं की सुरी नळ्यांच्या मधे शिरते आणि बाहेर काढली की त्या परत जवळ येतात. धार टिकते, पृष्ठभाग टिकतो. पण याच नळ्यांमधून पाणी आत-बाहेरही झपाट्याने जातं. म्हणून तोंडाकडून लाकूड फार लवकर सुकतं.

आणि सुकताना लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. परिघाच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. पूर्ण गोल चकतीला या ताणातून सुटायला एकच वाट असते: गाभ्यापासून सालीपर्यंत सरळ भेग. खोड कापून किती महिने झाले हे मी विचारलं होतं. ‘सात-आठ’ असं उत्तर आलं. नऊ इंच जाडीला सात महिने म्हणजे काहीच नाही. चकती आणल्या दिवशी दोन्ही तोंडांना मेण किंवा घट्ट रंग लावून सुकण्याची गती कमी करायला हवी होती. मी ती तशीच माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. फेब्रुवारीत ठेवली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भेग पडली. आत एक बोट जाईल एवढी रुंद.

भेग पडलेला ठोकळा मांसासाठी वापरायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. भेगेत रक्त आणि चरबी जाते, तिथे खरवडणी पोचत नाही. लाकडाचे पैसे मी परत दिले.

दुसरी खेप

या वेळी मी वखारीत लाकडाच्या रंगाकडे बघितलंच नाही. शेडखाली तीन वर्षं पडलेला, धुळीने माखलेला चिंचेचा ओंडका मागितला. त्याला भेगा होत्याच, पण त्या कुठे गेल्या आहेत ते आता उघड दिसत होतं. बाहेरच्या पिवळट भागात बारीक छिद्रं होती आणि टिचकी मारली की भुसा पडत होता, म्हणजे कीड. चिंचेचा हा बाहेरचा भाग किडीला पटकन बळी पडतो. तो सगळा काढला. भेगा आणि मधला केंद्रबिंदू टाळून गाभ्याचे चार तुकडे निघाले. चारही उभे, तोंड वर करून जोडले: पाण्यात टिकणारा डिंक आणि लाकडी खुंट्या. मग बाहेरून गोल केलं. व्यास पंधरा इंच, उंची नऊ, वजन पंचवीस किलोच्या आसपास.

जोड आवळून धरायला त्याभोवती लोखंडी पट्टी हवी होती. मी लोहाराकडे गेलो तो बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी कडं) चढवतात तशी लाल करून चढवायची, या कल्पनेने. लोहाराने मला थांबवलं. चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली होते, तेव्हा चाक ओढ्यात उभं करून ठेवतात, लाकूड फुगलं की ती आवळते. ‘‘हे तुमी वढ्यात ठेवनार हाय काय?’’ त्याने पट्टीला दोन बाजूंनी कान काढून नट-बोल्ट दिले. उन्हाळ्यात अर्धा फेरा आवळायचा, पावसाळ्याच्या तोंडाला थोडं सैल करायचं. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी सूचना मला वाटतं हीच होती, आणि ती लोहाराने चहा पिता पिता दिली.

ठोकळा बसवण्यासाठी आधी लोखंडी अँगलचा स्टँड केला होता. घाव घातला की तो वाजायचा. आजी आतल्या खोलीतून म्हणाल्या, ‘‘बोलतंय अजून.’’ स्टँड काढला. बाभळीचे चार जाड पाय, मधे आडवी जोडणी, खाली रबराची बुचं. आता घाव पडला की फक्त ‘धप्’. आजी उठून बाहेर आल्या, स्वतः एक चाप तोडली आणि काही न बोलता परत गेल्या.

वरून काय लावायचं

माझ्या हाताखालचा सुतार पॉलिश मारायला निघाला होता. हाडाच्या ठोकळ्याला पॉलिश किंवा लॅकर नको, घावाने त्याचे पापुद्रे सुटतात आणि मांसात जातात. आजींच्या मते घरचं शेंगतेल चोळावं. शेंगतेल लाकडात सुकत नाही, काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. दुकानात मिळणारं रंगकामाचं ‘डबल बॉइल्ड’ जवसतेलही टाळलं, कारण ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणलं. पहिल्या आठवड्यात रोज, नंतर दर पंधरा दिवसांनी. तोंडाच्या बाजूने ते पाण्यासारखं आत जातं. पहिल्या दिवशी पाव लिटर प्यायलं. शेवटचा हात मधमाशीच्या मेणाचा: एक भाग मेण, चार भाग पॅराफिन, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवून.

वापर आणि नियम

मे अखेरीस ठोकळा मागच्या दाराच्या आत, खिडकीच्या वाऱ्यात उभा राहिला. वहिनींना तो ओट्याला लागून हवा होता, आजींना बाहेर पडवीत. बाहेर पावसाची झड येते, ओट्याला लागून तीन बाजूंनी हवा कोंडते. दार-खिडकीच्या मधली जागा दोघींच्याही पहिल्या पसंतीची नव्हती, पण तिथे ठोकळ्याला चारही बाजूंनी वारा मिळतो.

ठोकळ्यावर फक्त हाडाचं मटण आणि खिमा. कोंबडी आणि मासे पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटावर, जो उकळत्या पाण्यात घालता येतो. भाजी विळीवर. यासाठी कोणाला समजावावं लागलं नाही. आजींच्या घरात मटणाची भांडी आणि पळी पहिल्यापासून वेगळी. कच्चं मांस आणि न शिजवता खायच्या वस्तू एका पाटावर आणू नका, असं आज अन्नसुरक्षेची माणसं सांगतात. या घराने ते सोवळ्याच्या नावाने कधीच पाळलं होतं.

काम झालं की लोखंडी पट्टीने खरवडायचं, जाड मीठ चोळून अर्धा तास ठेवायचं, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि उघडं ठेवायचं. दुसऱ्याच आठवड्यात धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींनी प्रेमाने त्यावर बादलीभर पाणी ओतलं. ठोकळा फुगला, पट्टी करकचली. वहिनी रागावणार होत्या. त्याऐवजी त्यांनी मावशींना चारही जोड दाखवले, पाणी कुठून शिरतं ते दाखवलं. त्यानंतर खरवडणी मावशींचीच झाली, आणि आमच्यापैकी कोणापेक्षाही त्या ती चांगली करतात.

श्रावण

आषाढात ठोकळा भरपूर चालला. अमावास्येच्या आदल्या दिवशी शेवटचं मटण झालं, वहिनींनी मीठ लावून पुसला आणि धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळून दोरी बांधली. नीटनेटकं काम. भाद्रपदात, गणपती गेल्यावर उघडला तेव्हा वर हिरवट-पांढरी बुरशी आणि कुबट वास.

ही माझी दुसरी चूक. वही हातात असताना, आजींनी श्रावणाचं नाव घेतलेलं असताना, रिकाम्या महिन्यात ठोकळ्याचं काय करायचं हे मी सांगितलं नव्हतं. वापरातलं लाकूड दर आठवड्याला खरवडलं जातं, मीठ खातं, वाळतं. बांधून ठेवलेलं लाकूड आतली ओल बाहेर सोडतं, ती कागदाखाली साचते, आणि बुरशीला आणखी काही लागत नाही.

मी गेलो. आधी कोरडं खरवडलं. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून पुसलं, थोड्या वेळाने साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा. ब्लीचनंतर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका हे बजावून सांगितलं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. आठवडाभर सावलीत वाऱ्यावर ठेवलं, उन्हात नाही. मग रंध्याने वरचा मिलिमीटरभर थर काढला आणि पुन्हा पॅराफिन.

ठोकळा उलटापालटा झालेलाच होता, म्हणून वहिनींना विचारलं, काही त्रास? त्या म्हणाल्या, ‘‘उजवा खांदा दुखतोय आषाढापासनं.’’

ही आणखी एक चूक माझीच. उंची ठरवताना मी दादांचं माप घेतलं होतं. बोलावलं त्यांनी, फोटो दाखवला त्यांनी, म्हणून मी त्यांनाच उभं केलं. त्यांची उंची पाच फूट नऊ इंच, ठोकळ्याचा माथा जमिनीपासून एकतीस इंच. वहिनी पाच फूट एक. वहीत तीन आठवडे ‘कोणी कापलं’ या रकान्यात दर रविवारी वहिनींचं नाव होतं आणि ते मी वाचलं होतं. जोराच्या घावासाठी माथा कोपराच्या बराच खाली लागतो, म्हणजे हाताचं आणि सत्तुराचं वजनच काम करतं आणि खांदा उचलावा लागत नाही. बाभळीचे पाय अडीच इंचांनी कापले. लोखंडी स्टँड असता तर हे इतक्या सहज झालं नसतं.

काय साधलं

ठोकळा येऊन आता चौदा महिने झाले. मधे जेमतेम तीन मिलिमीटर खोलगट झाला आहे. जोड शाबूत आहेत. एप्रिलमध्ये पट्टीचे बोल्ट अर्धा फेरा आवळले, जूनमध्ये सैल केले. ओट्याची भेग बुजवली, ती वाढलेली नाही. मटणात कपची आलेली नाही. वहिनींचा खांदा बरा आहे, मात्र जत्रेच्या वाट्याच्या दिवशी दादांनीही हात लावायचा, हे आता घरात ठरलं आहे.

पहिली चकती, दुसरा ठोकळा, पट्टी, फुकट गेलेला स्टँड, पॅराफिन धरून खर्च साडेनऊ हजारांवर गेला. माझ्या चुका टळल्या असत्या तर तो सहा हजारांत बसला असता.

आता करायचं तर

पहिले दोन महिने दोन इंचांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर, जमिनीवर भक्कम उभ्या असलेल्या एखाद्या बाकावर काम करून बघायला सांगितलं असतं. तेवढ्यात कोण तोडतं, किती वेळा, कुठे उभं राहून, हे वहीपेक्षाही स्पष्ट झालं असतं. लाकूड घेताना सुंदर गोल खोडाकडे जायचं नाही. तीन-चार वर्षं वखारीत पडून जे काही फुटायचं ते फुटून गेलेलं लाकूड घ्यायचं. ताजं घ्यावंच लागलं तर त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेण.

आणि वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचा तक्ता काढला असता: कोणत्या महिन्यात ठोकळा रिकामा. ज्या घरात श्रावण, गणपती, नवरात्र पाळतात तिथे जागा आणि झाकण याच तक्त्यावरून ठरवलं पाहिजे. यंदा वहिनींनी आषाढ संपताच ठोकळा खरवडून, मीठ लावून, पुसून आडवा केला आणि दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला, म्हणजे दोन्ही तोंडांना वारा. वर जुन्या सुती धोतराचं सैल फडकं. दर रविवारी मावशी फडकं उचलून हात फिरवतात आणि वास घेतात.

एक प्रश्न सुटलेला नाही. आजींना उभं राहून तोडता येत नाही. त्यांचा हात जमिनीवर बसून काम करण्याचा, आणि खिम्याला त्यांच्यासारखा हात घरात दुसऱ्या कोणाचा नाही. पहिल्या फुटलेल्या चकतीतला भेगेपासून लांबचा, केंद्रबिंदू नसलेला एक तुकडा माझ्या शेडमध्ये आहे. दोन्ही तोंडांना मेण लावून ठेवलाय. सात इंच रुंद, पाच इंच उंच निघेल, पाटावर बसून खिमा करण्याएवढा. अजून दोन उन्हाळे तो सुकू द्यावा लागेल. आजी दर भेटीत विचारतात.